रजिस्टरमधली खोडलेली नावं: वस्तीतल्या कामाचं मूल्यमापन कुठून सुरू करावं

प्रश्न असा आला आहे: "आम्ही पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत सहा वर्षं अभ्यासिका आणि कुटुंब सल्ला केंद्र चालवतो. वर्षाचा खर्च साधारण 14 लाख, त्यातला मोठा वाटा एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, येतो. या वर्षी त्यांनी डिसेंबरअखेर इम्पॅक्ट रिपोर्ट मागितला आहे. आमच्याकडे हजेरीची रजिस्टरं, फोटो आणि पालकांच्या प्रतिक्रिया आहेत. एजन्सी नेमायची ऐपत नाही. काय मोजायचं आणि कसं?"

आधी कायद्याचं सांगते, म्हणजे डोक्यावरचं ओझं थोडं उतरेल. कंपनी कायदा 2013च्या कलम 135खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. जानेवारी 2021मध्ये नियम बदलले आणि स्वतंत्र संस्थेकडून प्रभाव मूल्यमापन करून घेणं सक्तीचं झालं, पण सरसकट नाही. ज्या कंपनीची सीएसआरची सरासरी रक्कम 10 कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला, आणि तेही 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या, पूर्ण होऊन किमान वर्ष उलटलेल्या प्रकल्पांसाठीच. तुमचं 14 लाखांचं चालू काम त्यात बसत नाही. म्हणजे मागितलेला अहवाल कायद्यासाठी नाही, कंपनीतल्या माणसांना वरच्यांपुढे ठेवायला काहीतरी हवं आहे. त्यांना जाऊन भेटा. अहवालात काय असावं याबद्दल बोलायला तुम्हाला भरपूर जागा आहे, आणि बहुतेक जण ऐकून घेतात. एजन्सीचा विचार मात्र सोडून द्या. त्या पैशात एका शिक्षिकेचं वर्षाचं मानधन निघतं.

आता खरं काम. तुमच्याकडे हजेरीची रजिस्टरं आहेत म्हणता. त्यात काही नावांवर तांबड्या शाईची रेघ असणार: "सोडले", "गावी गेले", "येत नाही". मूल्यमापन त्या नावांपासून सुरू करा. आज जी मुलं आणि ज्या बायका तुमच्याकडे येतात त्यांच्याकडे नंतर वळू.

हे मी एका चुकीतून शिकले. 1990च्या दशकाच्या शेवटी येरवड्याकडच्या एका वस्तीत मी शिवणवर्गाचं काम बघत होते. सहा महिन्यांची बॅच, शेवटी प्रमाणपत्र. देणगीदारांना आम्ही कळवायचो की इतक्या बायकांनी वर्ग पूर्ण केला, इतक्या मधेच गळल्या. ही गळती कमी करायची एवढाच ध्यास आम्ही घेतला होता. दोन वर्षांनी आमच्या एका वरिष्ठ बाईंनी हट्टाने मला गळलेल्यांच्या घरी पाठवलं. गेले तर त्यातल्या कितीतरी जणी दिवसा घरी सापडेनात. तीन महिन्यांत सरळ शिलाई हाताला बसली तशा त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या होत्या, म्हणून वर्ग सुटला होता. मग प्रमाणपत्र घेतलेल्यांकडे गेले. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर, आणि मशीन गोधड्यांच्या ढिगाखाली. दहा बाय दहाच्या खोलीत मशीन मांडणार कुठे? गल्लीतल्या बायका ब्लाऊज शिवायला टाकायच्या, पण ओळखीपायी पैसे द्यायला नाखूष. आमच्या अहवालात यश आणि अपयशाचे रकाने चक्क उलटे भरलेले होते. पुढे वर्ग तीन महिन्यांचा केला, ओव्हरलॉक मशीन आणलं आणि कारखान्यांच्या दारात जाऊन बोलणी सुरू केली. त्या खोडलेल्या नावांच्या मागे गेलो नसतो तर यातलं काहीच सुचलं नसतं.

पालकांच्या प्रतिक्रियांबद्दल बोलायला मला अवघड जातं, कारण त्या खऱ्या असतात आणि वाचून डोळे भरून येतात. पण त्यांच्यावर अहवाल उभा राहत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत 1939मध्ये 506 मुलग्यांबरोबर एक मोठं काम सुरू झालं. सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला समुपदेशक, गृहभेटी, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला यातलं काही नाही. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांचा, म्हणजे आता प्रौढ झालेल्या पुरुषांचा, पुन्हा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जण म्हणाले की त्या कामाचा आम्हाला उपयोग झाला. कोर्टाच्या, दवाखान्यांच्या आणि मृत्यूच्या नोंदी वेगळंच सांगत होत्या. पुन्हा पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर आलेला मृत्यू, अशा कित्येक बाबतीत मदत मिळालेला गटच जास्त वाईट स्थितीत होता. 1978मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या चांगल्या हेतूने कुणाचं नुकसानही होऊ शकतं, ही शक्यता आपल्या कामात गृहीत धरावी लागते. आपल्याकडे तर दारात आलेल्या ताईला चहा केल्याशिवाय सोडत नाहीत. ती माउली तुमचं केंद्र वाईट आहे असं तुमच्या तोंडावर कशी म्हणेल?

हजेरीच्या आकड्याचंही तसंच. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी अभ्यासकाने 1970च्या दशकात मांडलं की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा नासत जातो, आणि तो ज्या कामासाठी मोजायचा ते कामही नासवतो. माझ्या एका जुन्या प्रकल्पात देणगीदाराने 80 टक्के हजेरीची अट घातली. तीन महिन्यांत हजेरी वर गेली. पाहिलं तर शिक्षिकेने अनियमित मुलांची नावंच पटावरून काढली होती. तिला दोष देता येत नव्हता, तिचं मानधन त्या आकड्याला बांधलेलं होतं. पण ज्यांना अभ्यासिकेची सगळ्यात जास्त गरज होती तीच मुलं त्या 80 टक्क्यांपायी बाहेर गेली.

तर रजिस्टर घ्या आणि मागच्या दोन वर्षांतली खोडलेली नावं एका वहीत उतरवा. सहा वर्षं मागे जाऊ नका, माणसं सापडणार नाहीत. प्रत्येक नावापुढे आज तुम्हाला काय वाटतं ते पेन्सिलीने लिहा: घर बदललं, कामाला लागला, धाकट्याला सांभाळायला घरी बसली, क्लास लावला, लग्न झालं, आपल्याकडचं काही आवडलं नाही. मग माग काढा. दांडेकर पूल, जनता वसाहत भागातून उठलेली कुटुंबं स्वस्त भाड्यासाठी आंबेगाव, नऱ्हे, धायरीकडे सरकलेली असतात, काही एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या) संक्रमण शिबिरात असतात. मोठे मुलगे मार्केट यार्डात सापडतील. शेजारीण, किराणा दुकानदार, अंगणवाडीताई यांना पत्ते ठाऊक असतात. सगळे मिळणार नाहीत. किती मिळाले आणि किती नाही ते अहवालात सरळ लिहा.

वेळ सांभाळा. सर्वेक्षणाला सकाळी अकराला जाल तर धुणीभांडी, स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बायका सहकारनगर, बिबवेवाडीत कामावर असतात. दारात भेटतात ती म्हातारी माणसं आणि ज्यांना कामावर जावं लागत नाही अशी थोडी बऱ्या स्थितीतली कुटुंबं. सगळं चित्रच बदलतं. रात्री साडेसात ते नऊ, नाहीतर रविवारी दुपारी जा. नळाला पाणी यायच्या वेळी मात्र चुकूनही नको.

विचारायला अभ्यासिकेच्या शिक्षिकेने जाऊ नये. यावर मी एक उपाय खूप वर्षं वापरते आहे. शेजारच्या वस्तीत काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेबरोबर कार्यकर्त्या अदलाबदलीने द्यायच्या. त्यांच्या चार जणी तुमच्याकडे आठ दिवस, तुमच्या चार जणी त्यांच्याकडे. खर्च बसभाड्याचा आणि चहाचा. वस्तीची भाषा दोघींना येते, पण तोंडओळख नसल्यामुळे लोक मोकळं बोलतात. कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या ठिकाणचे एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचे, विद्यार्थीही फील्डवर्कला येतात. त्यांना घ्या, पण सोबत जुनी कार्यकर्ती द्या. नवखं पोर "ठीक आहे" हे उत्तर जसंच्या तसं लिहून घेतं.

"तुम्ही समाधानी आहात का" हा प्रश्न कागदावरून काढून टाका. "का सोडलंत" हाही नको, त्यात आरोप ऐकू येतो. त्याऐवजी विचारा: शेवटचं आली होती त्या आठवड्यात घरी काय चाललं होतं? काल संध्याकाळी सहा ते आठ ती कुठे होती? आता अभ्यासाचं अडलं तर कोणाकडे जाते? या साध्या प्रश्नांतून फार बाहेर येतं. एका ठिकाणी मुलींच्या गळतीचं कारण निघालं परतीच्या वाटेवरचा बंद पडलेला दिवा आणि त्याखाली बसणारं टोळकं. दोन वर्षं आम्ही अभ्यासक्रम बदलत बसलो होतो.

आता येणाऱ्या मुलांचं. अभ्यासिकेने मुलं शिकतात का, हे बघायला शाळेचे गुण वापरू नका. शाळेशाळेचे पेपर वेगळे, तपासणी वेगळी. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेच्या "असर" सर्वेक्षणात 2005पासून वापरलं जाणारं वाचन-गणिताचं साधन मराठीत तयार आहे: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट, गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. ते सर्वेक्षण ग्रामीण भागाचं असलं तरी साधन शहरातही चालतं. एकेका मुलाला बाजूला बसवून हे घ्यायला फार वेळ लागत नाही. मोठ्यांना ते सोपं पडेल, असं तुम्हाला वाटेल. तरी घ्या. सातवीतल्या मुलाला भागाकार येत नाही हे अशाच वेळी कळतं.

इथे एक फसगत सांभाळायची आहे, आणि ती चांगल्या चांगल्या संस्थांची होते. तुम्ही सगळ्यात मागे पडलेली मुलं निवडता. त्यातल्या काहींचा चाचणीचा दिवसच वाईट असतो: अंगात ताप, रात्रभर घरात भांडण, पोटात काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली की तुम्ही काहीही केलं नसतं तरी त्यांचे गुण थोडे वर गेले असते, कारण सगळ्यांचाच वाईट दिवस पुन्हा त्याच वेळी येत नाही. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. बालवाडीत हेच वजनाच्या बाबतीत होतं. जुलाबाच्या आठवड्यात वजन केलेलं मूल पुढच्या महिन्यात "सुधारलेलं" दिसतं. त्यामुळे नुसतं आधी आणि नंतर मोजून चालत नाही. तुमच्याकडे न येणारी, पण तशीच मुलं शेजारी लागतात.

ती आणायची कुठून? जागा कमी आणि मागणी जास्त असेल तर जूनमध्ये पालकांसमोर चिठ्ठ्या टाका. लोकांना यात काही गैर वाटत नाही. म्हाडाच्या घरांची सोडत निघते, आरटीईच्या प्रवेशांची निघते. ओळखीने प्रवेश देण्यापेक्षा ते जास्त न्याय्यही आहे. नंबर न लागलेल्यांना पुढच्या वर्षीची जागा पक्की सांगा आणि त्यांचीही चाचणी घ्या. आता तुलनेला खरी जोडी मिळाली. अतिशय अडचणीतलं मूल असेल तर त्याला चिठ्ठीबाहेर थेट घ्या आणि तशी नोंद ठेवा. मोजमापासाठी कुणाला दारातून परत पाठवू नये, हे माझं ठाम मत आहे. यंदाच्या अहवालाला हे जमणार नाही. यंदा फक्त आजची पातळी लिहा, आणि पुढच्या जूनपासून तुलना करू असं कंपनीला सांगा.

मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 या काळात बालसखी कार्यक्रमाचा असाच अभ्यास झाला होता. वस्तीतली तरुणी मागे पडलेल्या मुलांना शाळेच्याच वेळात वेगळं बसवून शिकवायची. काही शाळांना ती मिळाली, काहींना नाही, आणि तुलना केली. मुलं खरंच पुढे गेली. कार्यक्रम सोडल्यावर वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हा त्या वाढीतला थोडाच भाग उरला होता. म्हणून म्हणते, तुमच्याकडून बाहेर पडलेल्या मुलांना वर्षभराने एकदा बोलावून तेच साधन पुन्हा वापरा.

सल्ला केंद्राचं मोजमाप अवघड आहे आणि तिथे चूक जिवावर बेतू शकते, म्हणून इथे थोडं थांबते.

बऱ्याच केंद्रांच्या अहवालात "समेट झालेल्या केसेस" हा यशाचा रकाना असतो. तो आजच काढा. समेट झाला म्हणजे बाई घरी परतली. ती सुरक्षित आहे का, हे त्यातून कळत नाही. या रकान्यामुळे समुपदेशकावर नकळत दबाव येतो आणि ती बाईला "जमवून घे" म्हणू लागते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005चा कायदा ऑक्टोबर 2006पासून लागू आहे. त्यात संरक्षणाचा आदेश आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षण अधिकारी आहे. केंद्रात येऊन गेलेल्या बाईला हे तिच्या शब्दांत सांगता येतं का, ते बघा. रात्री वेळ आलीच तर गल्लीत कोणाचं दार वाजवायचं हे तिचं ठरलेलं आहे का? आधार, रेशन कार्ड, मुलांचे दाखले तिच्या हाताशी आहेत का? ती स्वतःहून पुन्हा आली का? आणि मारहाण: थांबली, कमी झाली, तशीच आहे, की केंद्रात आल्याचं कळल्यामुळे वाढली? शेवटची शक्यता प्रत्येक वेळी विचारा. केस आलेल्यांची संख्या वाढली म्हणून घाबरू नका आणि मिरवूही नका. केंद्रावर विश्वास बसला की तक्रारी वाढतात, हिंसा तितकीच असली तरी.

पाठपुराव्याचा फोन कधीही थेट करू नका. मोबाइल बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात असतो. पहिल्याच भेटीत तिच्याशी ठरवा की कोणत्या वेळी, कोणाच्या नावाने फोन यावा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं. केस पेपर बाहेरच्या कुणालाही दाखवू नका, अदलाबदलीतल्या कार्यकर्त्यांना नाही आणि कंपनीला तर मुळीच नाही. समुपदेशकाने स्वतः नाव-पत्ता नसलेला तक्ता काढून द्यावा. लहान वस्तीत "तीन मुली, नवरा रिक्षा चालवतो" एवढ्यावरून घर ओळखू येतं, तेव्हा अहवालातल्या कहाण्यांचे असे तपशीलही काढा. फोटो तर नकोच.

वस्तीत काय काय घडलं त्याची एक साधी दिनदर्शिका बनवा. तुमच्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठची घरं वाहून गेली. सहा महिन्यांत, मार्च 2020मध्ये, टाळेबंदी लागली आणि शाळा बंद झाल्या. तुम्ही काम सुरू केलंत तेव्हाची आणि आजची स्थिती शेजारी ठेवून "आमच्यामुळे हा फरक पडला" असं म्हणणार असाल, तर मधे पूर आला होता की टाळेबंदी, पुनर्वसन चालू होतं की कामं बंद, हे शेजारी लिहिल्याशिवाय त्या फरकाला अर्थ नाही. चांगल्या फरकालाही नाही आणि वाईटालाही नाही.

कंपनीसाठी अहवाल आठ पानांच्या वर नेऊ नका. पन्नास मुलांच्या कामात टक्केवारी लिहू नका, "50 पैकी 31" असंच लिहा. एक मूल आजारी पडलं तरी तिथे दोन टक्के हलतात. एका मुलामागे वर्षाला किती खर्च येतो ते स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका. खोडलेल्या नावांचं प्रकरण पहिलं घ्या, आणि त्यातून तुम्ही काय बदलणार आहात ते तारखेसह लिहा. पैसे देणारे यामुळे बिथरतील अशी भीती तुम्हाला वाटेल. माझा अनुभव असा की एखादा बिथरतो, बाकीचे जास्त विश्वास ठेवतात. त्यांच्याशी बोलताना हैदराबादचा दाखला द्या. तिथे 104 वस्त्यांत सूक्ष्म कर्जाचा, म्हणजे गरीब बायकांना मिळणाऱ्या छोट्या कर्जांचा, अभ्यास झाला, निम्म्या वस्त्यांत कर्जं आधी दिली गेली. बायकांचं आयुष्य पालटेल अशी त्या काळी सगळीकडे चर्चा होती. निघालं इतकंच की काहींचा आधीपासूनचा धंदा थोडा वाढला; घरातल्या निर्णयांत बायकांचं स्थान, मुलांचं शिक्षण यांत ठळक फरक नव्हता. एवढ्या मोठ्या पैशाने जे झालं नाही त्याचं वचन संध्याकाळच्या दोन तासांच्या अभ्यासिकेने देऊ नये. मुलं वाचायला लागली, मुली दहावीपर्यंत टिकल्या, बाईला रात्री वाजवायला एक दार मिळालं, एवढंच लिहा आणि त्याचा पुरावा द्या.

काम भाऊबीज झाल्यावर आठ-दहा दिवसांनी सुरू करा. तोवर लातूर, धाराशिव, सोलापूरकडे गेलेली कुटुंबं परत आलेली असतात आणि शाळाही सुरू झालेल्या असतात. तोपर्यंत वही पूर्ण करा, शेजारच्या संस्थेशी अदलाबदलीचं बोलून ठेवा, आणि प्रश्नांचा कागद आधी तुमच्याच दोन मदतनीस बायकांना वाचून दाखवा. त्यांना जो प्रश्न कळणार नाही तो वस्तीत कुणालाच कळणार नाही.